दुदाती दुनळी

आबांच्या तुरीत डुकरं शिरली त्या रात्री आबा घरीच होते, गोधडीत, घोरत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गावभर हकिकत सांगताना आबांनी नेमकी एवढीच बाब वगळलेली आहे.

सकाळी बांधावर जाऊन पाहतो तर अर्ध्या एकरावर पाटा फिरवल्यासारखी तूर झोपलेली. रानडुकराचं असंच असतं. खातं पायलीभर, लोळतं एकरभर. शेंगा भरायला आलेल्या, भुई मऊ, थंडीला नुकती सुरुवात. मंडळींची रात्र बरी गेली असावी. आबांनी कमरेवर हात ठेवले, एकदा उगवतीकडं पाहिलं, एकदा मावळतीकडं पाहिलं आणि म्हणाले, "आता बंदूकच घ्यायची. दुनळी."

"दुनळीच कामून, आबा?"

"एकीनं हुकलं तर दुसरीनं लागंल."

लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या घासूनपुसून जी शेजारी-शेजारी दोन नळ्यांची बंदूक तयार केली, तिचं याहून नेमकं वर्णन मी कुठं वाचलेलं नाही. फक्त आबांनी पुढं एक अट घातली, "अन् सस्ती पाहिजे."

बोरी हे जिंतूर-परभणी रस्त्यावरचं बाजाराचं गाव. अशा गावात कुठल्याही वस्तूची माहिती तत्काळ मिळते, वस्तू तेवढी मिळत नाही. हॉटेलात बसून आबांनी 'बंदूक' हा शब्द उच्चारला आणि शेजारच्या टेबलावरचे चौघे खुर्च्या ओढून आले. तीन चहांत आम्हाला कळलं की दुनळी जर्मनच घ्यावी, जर्मन मुळीच घेऊ नये, नळी लांब असावी, नळी लांब असली की दांड्यात अडकते, आणि डुकराला पाठीमागून मारलं तर ते वळून अंगावर येतं, पुढून मारलं तर वळावंही लागत नाही. पाचव्या चहाला मी विचारलं की इथं बंदूक झाडली आहे कुणी? एकदम शांतता. मग एकानं सांगितलं की परभणीच्या उरुसात त्यानं फुगे फोडले आहेत. तेवढ्या अनुभवावर त्याला सगळ्यांनी सरकून जागा दिली. उरुसातल्या त्या छर्‍याच्या बंदुकीची नळी किंचित वाकडी असते, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. लाल फुग्यावर नेम धरला की शेजारचा पिवळा फुटतो. त्यामुळं आमच्याकडचे खरे नेमबाज पिवळा फोडायचा असेल तर लालवर नेम धरतात. राजकारणातही हेच चालतं, पण ते असो.

मराठवाड्यात बंदुकीचा विषय निघाला की अर्ध्या तासाच्या आत निजाम येतो. तोही आला. परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शनच्या चार-पाच दिवसांत प्रत्येक वाड्यातून एक तरी बंदूक विहिरीत टाकली गेली, अशी प्रत्येक वाड्याची श्रद्धा आहे. आमच्याही पणजोबांची होती म्हणतात. पुढं ७२ सालच्या दुष्काळात झाडून सगळ्या विहिरी तळाला गेल्या. घागरी निघाल्या, पोहरे निघाले, कुणाची तांब्याची कळशी निघाली. बंदूक एकही निघाली नाही. यावर आबांचं म्हणणं असं की गाळ फार होता.

७२ सालाची गंमत अशी की आमच्याकडं ते दुष्काळाचं आणि सुकडीचं साल म्हणून लोकांच्या हाडांत मुरलेलं आहे. परभणीचं कृषी विद्यापीठ त्याच सालचं. आणि वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच सालचा. म्हणजे पावसाबरोबर शिकारही आटली. त्याआधी येलदरीच्या पाण्यावर बदकं, माळावर तितर, ससे आणि हरणं असा सगळा कारभार बंदूकवाल्यांच्या मर्जीवर होता. आता काळविटाकडं नेम धरून नुसता डोळा मिटला तरी माणूस गोत्यात येतो. १९९८ साली जोधपूरकडं एका नटाच्या गाडीनं काढलेली एक रात्र पुढं वीस वर्षांहून जास्त काळ कोर्टात चालली. डुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, यांनी पिकं उद्ध्वस्त केली तर मारण्याची सोय आहे, पण ती वनखात्याच्या लेखी परवानगीनं. डुक्कर रात्री अकराला येतं. परवानगी कचेरीच्या वेळेत येते. दोघांची गाठ पडणं हा योगायोगाचा भाग आहे.

बंदुकीच्या परवान्याचं कलम मी आबांना वाचून दाखवलं. १९५९ चा शस्त्र कायदा शेतकऱ्याच्या बाबतीत खरोखर कनवाळू आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा, असं त्यात म्हटलं आहे. ठासणीनं भागत नसेल तरच दुसरी गुळगुळीत नळीची. आता ठासणीची बंदूक म्हणजे काय? तोंडाकडून दारू ओतायची, वर चिंधी कोंबायची, गजानं ठासायची, छर्रे घालायचे, पुन्हा चिंधी, पुन्हा ठासायचं, मग टोपी बसवायची, मग नेम. एवढा वेळ डुक्कर समोर थांबलं पाहिजे. थांबलंच तर त्याला चहा विचारायला हरकत नाही.

"मग 'भागत नाही' असं लिहून टाक," आबा म्हणाले. तसं लिहून अर्ज झाला. २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, हेही मी सांगितलं. आबा गंभीर झाले. "दुनळी म्हंजे दोन झाल्या का?"

परवान्याआधी दुकानदार बंदूक हातात देत नाही, म्हणून आम्ही पाहुण्यांची पाहायची ठरवली. आबांच्या सासुरवाडीकडचे एक पाहुणे वडिलोपार्जित दुनळी विकणार होते. सत्तरी ओलांडलेली, मोतीबिंदू झालेला, मुलगा पुण्याला नोकरीत. बंदूक सांभाळायची कुणी? तर आम्ही मोटारसायकलवर धूळ खात तिथं गेलो, ते साल २०२४. पाहुण्यांनी पाणी दिलं, चहा दिला, पोहे दिले, आणि मग ओसरीवर नेऊन भिंतीतल्या दोन खुंट्या दाखवल्या. सागवानी, हस्तिदंती टोकाच्या.

"बंदूक?"

"ती ठाण्यात जमा हाय. आचारसंहिता लागली न बा."

लोकसभेची आचारसंहिता मार्चात लागली ती जूनपर्यंत. विधानसभेची ऑक्टोबरात लागली ती नोव्हेंबर सरेपर्यंत. मध्ये कुठली ना कुठली निवडणूक गावोगाव असतेच. बहुतेक परवानेवाल्यांची बंदूक लोकशाहीच्या प्रत्येक उत्सवाला माहेरपणाला जाते, आणि माहेरवाशिणीसारखीच परत यायला वेळ लावते. आबांनी त्या दोन खुंट्या फार वेळ न्याहाळल्या. हातानं अंतर मोजलं. अडीच हात भरलं. येताना गाडीवर एकच बोलले, "खुंट्या झ्याक हायेत."

दुसऱ्या खेपेला बंदूक घरी होती. पाहुण्यांनी ती लाल फडक्यातून सोडवली, आधी कळ दाबून मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, दोन्ही घरं रिकामी असल्याचं बोट घालून दाखवलं आणि मगच आबांच्या हातात दिली. ही पद्धत मला आवडली. आबांनी मात्र ती बैल घेतात तशी घेतली.

आबांनी आयुष्यात पंचवीस-तीस बैल घेतले-विकले असतील. त्यांना दुसरी कुठली परीक्षाच माहीत नाही. त्यांनी आधी तिच्याभोवती एक चक्कर मारली. मग तोंड पाहिलं. शेजारी-शेजारी दोन काळीभोर भोकं. "दुदाती हाय," ते म्हणाले. बैलाला दोन दात आले की तो दुदाती, म्हणजे तरणाबांड, कामाला लावायच्या वयाचा. पाहुण्यांना हे इतकं पटलं की त्यांनी लगेच किंमत दोन हजारांनी वाढवली.

मी मात्र एका जाणकाराकडून चार गोष्टी शिकून आलो होतो. पहिली नळ्यांची. आबांनी नळ्या उजेडाकडं धरून एका टोकाला डोळा लावला, दुसऱ्या टोकातून फुंकर मारली. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. एवढ्यानं काय कळणार? आतून आरसा दिसला पाहिजे, गंजाचे खड्डे नकोत, बाहेरून पोचा नको. मग मी नळ्या लाकडापासून सोडवायला लावल्या, हुकाला बोट घालून हवेत लोंबत्या धरल्या आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारली. दोन नळ्यांच्या मध्ये वरखाली दोन पट्ट्या डाखून बसवलेल्या असतात. डाख शाबूत असेल तर टिचकीसरशी देवळातल्या लहान घंटेसारखा स्वर उमटतो आणि रेंगाळतो. पट्टी कुठं सुटली असेल तर फुटक्या माठासारखं 'थड्' वाजतं. आमची वाजली ती या दोन्हींच्या मधली. पाहुणे म्हणाले, घंटी. आबा म्हणाले, माठ. आबांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, आणलं असतं तर निकाल लागला असता. कुंभाराच्या ढिगातून माठ निवडण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नाही.

ही पट्टी म्हणजे मला एकत्र कुटुंबातल्या म्हातारीसारखी वाटते. उजवी नळी नि डावी नळी हे दोन भाऊ. स्वभावानं वेगळे. उजवीचं तोंड जरा सैल, छर्रे जवळच पसरतात. डावीचं तोंड किंचित आवळलेलं, तिचे छर्रे दूरपर्यंत एकजुटीनं जातात. पुढचा चाप उजवीचा, मागचा डावीचा. जनावर जवळ असलं की सैल भाऊ, पळून लांब गेलं की आवळ्या मुठीचा भाऊ. मधली म्हातारी दोघांना धरून असते तोवर बंदूक. ती सुटली की दोन पाइप.

दुसरी गोष्ट बिजागरीची. बंदूक मिटवून लाकडाचा पुढचा तुकडा काढायचा आणि हलवून पाहायची. खुळखुळली तर सोडून द्यायची. आबांनी कानाशी धरून हलवली, नारळ हलवतात तशी. पाणी नव्हतं. तिसरी काडतुसाच्या घराची. जुन्या बंदुकांची घरं बहुधा ६५ मिलिमीटरची, हल्लीची काडतुसं ७० ची. घोटाळा असा की ७० चं काडतूस ६५ च्या घरात बिनबोभाट शिरतं, कारण ही लांबी उडाल्यावर उलगडलेल्या काडतुसाची असते. आत उलगडायला जागा नसते आणि दाब वाढतो. आमच्या एसटीत हे रोज होतं. शिरतात सगळे, हात काढायला जागा नसते, आणि मग कुणाचा तरी आवाज फुटतो.

काडतुसांवरून आठवलं. आपल्याकडं बारा बोरची काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली, नाव 'शक्तिमान'. हे ऐकून आबांच्या नातवाचा बंदुकीवरचा विश्वास एकदम वाढला. बारा बोर म्हणजे काय हे मात्र हॉटेलातल्या चौघांपैकी कुणालाच सांगता आलं नव्हतं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढं नळीचं भोक. वीस गोळ्या केल्या तर वीस बोर, म्हणजे आकडा वाढला की भोक बारीक. छर्‍याचंही तसंच, नंबर मोठा, छर्रा लहान. मी हे समजावून सांगितल्यावर आबा म्हणाले, "इंग्रजांचं सगळंच उलटं." मग थोडा विचार करून, "पर गोळ्या बाराच कामून? बारा बलुतेदारांचा हिशोब दिसतोय."

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट खांद्याची. दुनळीला नेमाची काच नसते, पुढं फक्त मोहरीएवढा मणी. नेम धरतो तो बंदुकीचा दस्ता. तो खांद्याला, गालाला बसला तर नळी आपोआप डोळा पाहील तिकडं पाहते. त्याचं ढोबळ माप असं की दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत टेकवलं की बोट चापापाशी यावं. पाहुणे बुटके, त्यांच्या वडिलांनी बंदूक मापून घेतलेली आणि वडीलही बुटकेच. आबा सव्वासहा फूट. त्यांनी बंदूक खांद्याला लावली तेव्हा ती त्यांच्या अंगावर नातवाच्या सदऱ्यासारखी दिसली. बोट चापाच्या पुढं दोन इंच हवेत. आपल्या भाषेला दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवायची इतकी सवय आहे, की बंदूक स्वतःच्या खांद्याला बसते का हे पाहायचं असतं हेच आपण विसरलो आहोत.

तरीही आबांचं मन बसलं होतं. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर अक्षरं कोरलेली होती, झिजून फक्त 'लंडन' उरलेलं, त्यातही एक अक्षर कमी. परदेशी बंदूक बाहेरून आणायचं सामान्य माणसाला १९८० च्या दशकापासून जवळजवळ बंदच झालं, तेव्हापासून देशातली प्रत्येक जुनी बंदूक विलायती झाली आहे. नवी देशी दुनळी मुंगेरची किंवा जम्मूची मिळते, दणकट असते, घासलेली-चकाकणारी नसते. राखणीला ती पुरे, असं माझं स्पष्ट मत. पण मत विचारतं कोण? आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, पाहुण्यांच्या हातावर टाकला आणि खाली बोटांची भाषा सुरू झाली. टॉवेल बराच वेळ वळवळत होता. मध्येच पाहुण्यांच्या तोंडून "आई गं" आलं. मग टॉवेल निघाला आणि आबा म्हणाले, "लाइसन आलं की नेतो."

परतीच्या वाटेवर पुण्याहून पुतण्याचा फोन आला. तो म्हणाला, "आबा, डुकरं मारता नाही आली तर टार्गेट शूटिंगला वापरा की." २०२४ च्या ऑगस्टात कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला कांस्य मिळवल्यापासून आमच्या घरातल्या पोरांना सगळी नेमबाजी एकच वाटते. स्वप्नीलची ती रायफल, पन्नास मीटरवरचं स्थिर लक्ष्य. दुनळीचं काम वेगळं. त्यात यंत्रातून एक ११० मिलिमीटर रुंदीची तबकडी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगानं आकाशात भिरकावतात आणि ती उडता-उडता फोडायची. त्यातही खेळाडू वापरतात ती एकावर एक नळ्यांची; शेजारी-शेजारीवाली तिथं नेऊन उभं राहणं म्हणजे ट्रॅक्टरच्या शर्यतीत दमणी हाकणं. राज्यवर्धन राठोड यांना २००४ साली अथेन्सला रौप्यपदक मिळालं ते डबल ट्रॅपमध्ये, एकदम दोन तबकड्या. तो प्रकार २०१६ नंतर ऑलिंपिकमधून काढूनच टाकला.

आबांनी हे सगळं ऐकून घेतलं. "तबकडी कशाची?"

"मातीची म्हणा. तिला कबूतर म्हणतात. १९०० साली पॅरिसलाच खरी कबुतरं मारली होती, मग लोकांना ओंगळ वाटलं, पुढं मातीचीच तेवढी राहिली."

"म्हंजे पणती."

"उडती पणती."

"डुक्कर उडतंय का?"

"नाही."

"मग मला काय करायचंय?"

इकडं शेतात काकूंनी स्वतःची संरक्षणव्यवस्था उभारली होती. आमच्या भागात आता हा रिवाजच झाला आहे. बांधाच्या कडेनं काठ्या रोवून जुन्या साड्या लावायच्या. रात्री वाऱ्यानं फडफडतात, डुकरं बिचकतात. पहिला आठवडा तरी बिचकतात. जिंतूरकडून येताना पाहावं तर दोन्ही अंगांनी नऊवारी-पाचवारी रंगांची मैलभर मिरवणूक. आमच्या बांधावर लाल, हिरवी, मोरपंखी, आणि कोपऱ्यावर एक जांभळी, जरीकाठी. ती पाहून आबा थबकले. ती त्यांनी परभणीहून लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आणलेली होती. काकूंनी एकदाही नेसलेली नव्हती. डुकरांना मात्र ती चालली नाही. त्या कोपऱ्यानं एकही शिरलं नाही.

बाजारातून आबांनी दरम्यान एक कार्बाइडची पाइपबंदूकही आणली होती, वानरांसाठी म्हणून. ती काकूंनी दुसऱ्याच दिवशी जप्त केली. २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडं असल्या पाइपांनी पोरांचे डोळे गेल्याची बातमी त्यांनी टीव्हीवर पाहिलेली होती. "नातू डोळ्यानं धड हाय तो राहू दे," एवढंच म्हणाल्या आणि पाइप अडगळीत.

अर्जाच्या चौकशीला एक दिवस जमादार आले. खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी कागद काढला.

"बंदूक कशासाठी?"

"डुकरासाठी."

"डुक्कर मारायला वेगळी परवानगी लागते, आबा. हे तर नुसतं बाळगायचं लाइसन हाय."

"मारत नाही. आवाज काढतो. पळून जातेत."

"रात्री राखणीला कोण जातं?"

"मीच की."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. "कव्हा गेलते?" काकू म्हणाल्या. दारात येऊन उभ्या राहिल्या, पदराला हात पुसत. "ज्या राती तूर गेली त्या राती हे घरीच व्हते. बंदूक दिली तर हे इथूनच मारनार व्हते का? अन् आवाजाचं म्हनाल तर, यांच्या घोरन्याला वेशीवरची कुत्री पळतेत. यांनाच नेऊन झोपवा बांधावर."

जमादारांनी कागदावर काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही. चहा मात्र दोन कप घेतला, आणि जाताना ओसरीच्या भिंतीकडं बघून थांबले. तिथं आबांनी परभणीहून दोन सागवानी खुंट्या आणून ठोकल्या होत्या. अडीच हातांच्या अंतरावर, बरोब्बर मापून.

"हे काय?"

"तयारी," आबा म्हणाले.

खुंट्यांवर आज काकूंनी लोणच्याच्या कैऱ्या वाळवायचं फडकं टांगलेलं आहे. आबा मात्र माळवदावर बसून सुतळीची गोफण वळतायत. दोन पेडांची.